नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटरचं लायसन्स: कॅलिफोर्नियातला माझा अनुभव

पुण्यात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डॉक्टर नवरा-बायकोचं दहा-पंधरा खाटांचं, बहुतेक वेळा बाळंतपणाचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत या नावाखाली वेगळंच असतं. खुब्याचं हाड मोडून आलेले, पक्षाघात झालेले, डिमेन्शिया झालेले आजी-आजोबा जिथे महिनोन्‌महिने राहतात, ती जागा. ती चालवणारा ॲडमिनिस्ट्रेटर डॉक्टर नसला तरी चालतो, लायसन्स नसेल तर मात्र चालत नाही. १९६७च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातल्या दुरुस्तीने राज्यांवर हे बंधन आलं. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असल्याने पुढचे तासांचे आणि मनुष्यबळाचे आकडे कॅलिफोर्नियाचे आहेत.

पहिलं अडतं ते आपल्या पदवीवर. परदेशी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तीन वर्षांच्या बीकॉमला अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीचं धरतीलच असं नाही. पुढे दोन वर्षांची मास्टर्स असेल तर दोन्ही मिळून बहुतेक वेळा काम भागतं. त्यामुळे नुसती बीकॉम पाठवून फी वाया घालवू नका, बारावीनंतरच्या सगळ्या मार्कलिस्ट एकदम पाठवा.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या विद्यापीठांच्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि कधी शेवटी आईचंही. इथला कारकून पहिला शब्द फर्स्ट नेम समजून मोकळा होतो. त्यात लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर एका बाईच्या कागदोपत्री तीन बायका होतात. मी लग्नाचा दाखला आणि ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं. नावाचा सोक्षमोक्ष अर्जाच्या वेळीच लावावा, कारण परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने, म्हणजे शाईऐवजी यंत्रावर, देतात. जुना गुन्हा असेल, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याचा, तरी अर्जात विचारलेलं सगळं स्वतःहून लिहावं. ठशांवरून ते निघतंच, आणि लपवल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा जड जातो.

मग एआयटी, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंग. बॅचलर्स पदवीवाल्यांना १००० तास, आठवड्याला किमान २० आणि कमाल ६०. आठवड्याला ४० धरले तर २५ आठवडे. मंजुरी येण्याआधी केलेले तास धरत नाहीत, म्हणून उत्साहाने आधीच कामाला लागू नये. खरी दमछाक प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारा लायसन्सवाला ॲडमिनिस्ट्रेटर, शोधण्यात होते. त्याचं लायसन्स चालू हवं आणि त्यावर प्रोबेशन, म्हणजे शिस्तभंगानंतरची देखरेख, नको. हे राज्याच्या लायसन्स शोधात पाच मिनिटांत दिसतं, तरी बघत कुणी नाही. तासांच्या नोंदीवर दर शुक्रवारी सही घ्यायची. ‘शेवटी एकदम करू’ म्हणाल तर फसाल. या धंद्यात ॲडमिनिस्ट्रेटर फार लवकर नोकऱ्या बदलतात, आणि गेलेल्या प्रिसेप्टरच्या मागे चारशे तासांच्या सह्यांसाठी लागणं म्हणजे उधारी वसूल करण्यापेक्षा वाईट.

त्या तासांत ऑफिसात बसून राहू नका. स्वयंपाकघर, लाँड्री, मेंटेनन्स, बिलिंग, सगळीकडे हात घाला. फ्रिजचंच घ्या. थंड अन्न ४१ अंश फॅरनहाइट किंवा खाली, गरम ठेवलेलं १३५ किंवा वर, आणि दाराला तापमानाचा तक्ता. अशा एका तक्त्यावर महिनाभर ३८, ३८, ३८ असं एकाच निळ्या पेनने, एकाच तिरक्या हाताने लिहिलेलं होतं. तारखा पाहिल्या तर सुट्टीच्या दिवशीही सही त्याच माणसाची. सर्व्हेअरला, म्हणजे सरकारी तपासनिसाला, तेवढं पुरतं. मग तो फ्रिज सोडून बाकीचे तक्ते मागतो: फायर ड्रिल प्रत्येक पाळीत दर तिमाहीला एक, म्हणजे वर्षाला किमान बारा, आणि जनरेटर महिन्यातून एकदा ३० मिनिटं लोडवर. एक तक्ता खोटा निघाला की बाकीच्यांवरचा विश्वास उडतो.

परीक्षेचा लोक उगाच बाऊ करतात. राष्ट्रीय परीक्षा ‘नॅब’ ही राज्यांच्या लायसन्स बोर्डांची संघटना घेते आणि तिचे दोन भाग आहेत: कोअर ११० प्रश्नांचा, नर्सिंग होमचा ६० प्रश्नांचा. दोन्हीत दहा-दहा प्रश्न बिनगुणांचे असतात, पण कोणते ते कळत नाही. पास व्हायला प्रत्येक भागात ११३ हा स्केल्ड स्कोअर लागतो. ते ११३ गुण नव्हेत, टक्के तर नव्हेतच, त्यामुळे किती चुकले याचा हिशोब घालत बसू नये. आपली माणसं पाठांतर करून जातात आणि ‘सर्वांत आधी काय कराल?’ या प्रश्नाला अडकतात. चारही पर्याय बरोबरच असतात, क्रम विचारलेला असतो. मारहाणीचा आरोप आला तर चौकशी, नातेवाइकांना फोन, निलंबनाचं पत्र हे सगळं करायचंच, पण आधी आजींना त्या माणसापासून सुरक्षित करायचं. राज्याची परीक्षा वेगळी असते. तिच्यासाठी टायटल २२, म्हणजे राज्याची नियमावली, वाचावीच लागते, दुसरा उपाय नाही.

लायसन्स हातात आलं की पहिला खड्डा मनुष्यबळाचा. कॅलिफोर्नियात दर रुग्णामागे दिवसाला ३.५ तास थेट सेवा हवी, त्यातले २.४ तास सीएनएंचे, म्हणजे नर्सिंग सहायकांचे. ९० रुग्ण असतील तर २१६ तास. आठाने भागलं की २७ माणसं, आणि शेड्युलर २७ लावून घरी जाते. पण जेवणाची अर्धा तासाची सुट्टी सेवेत मोजत नाहीत. हाती राहतात २७ गुणिले साडेसात, २०२.५ तास. साडेतेरा तासांची तूट. लागतात २९, आणि रविवारी कोणीतरी दांडी मारणारच, म्हणून मी ३१ धरते. मालकांना हा हिशोब तोंडी पटत नाही, त्यामुळे तो ईमेलने पाठवायचा आणि उत्तराची प्रत जपून ठेवायची.

दुसरा खड्डा घड्याळाचा. छळाचा आरोप असेल किंवा गंभीर इजा झाली असेल तर दोन तासांत राज्याला कळवायचं. छळ नाही आणि गंभीर इजाही नाही, अशा बाकीच्या बाबी २४ तासांत. चौकशीचा निकाल पाच कामकाजाच्या दिवसांत. चूक होते ती अशी: रात्री अकराला सहायकाने नर्सला सांगितलं, नर्स म्हणाली, ‘मॅडमना सकाळी सांगू.’ सकाळी आठला तुम्हाला कळतं आणि तुम्ही नऊला कळवता. तुमच्या मते एक तास झाला, सर्व्हेअरच्या मते दहा, कारण घड्याळ कर्मचाऱ्याला कळल्यापासून चालतं. म्हणून रात्रपाळीच्या टेबलावर फोन नंबर चिकटवलेला हवा, आणि ‘खात्री करून मग सांगा’ असं तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये. खात्री करणं हे चौकशीचं काम. कळवायला नुसता आरोप पुरतो.

आता शिस्तभंगाची वाट. सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, साधारण वर्षाने येतो, दोन सर्व्हेंमध्ये १५ महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. त्रुटींना ए ते एल अशी अक्षरं मिळतात, आणि जे, के, एल म्हणजे रुग्णाच्या जिवाला तत्काळ धोका. त्रुटींचा कागद म्हणजे फॉर्म २५६७. तो हातात पडल्यापासून दहा दिवसांत सुधारणा आराखडा द्यायचा, आणि हे कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. इथवर सगळं संस्थेच्या नावावर असतं. पण ठरावीक विषयांत त्रुटी जास्त गंभीर अक्षराची निघाली की तिला ‘सबस्टँडर्ड क्वालिटी ऑफ केअर’ म्हणतात, आणि मग सर्व्हे एजन्सीने ॲडमिनिस्ट्रेटरच्या लायसन्स बोर्डाला कळवणं केंद्राच्या नियमानेच बंधनकारक आहे. कोणी तक्रार करावी लागत नाही. नव्यांना हे ठाऊक नसतं. दंड कंपनी भरेल या भरवशावर ते असतात, आणि एक दिवस स्वतःच्या नावाने बोर्डाच्या नोटिशीचं पाकीट येतं.

पाकीट आलं की लगेच फोन उचलून खुलासे देऊ नका. आधी तारखा मांडा: तुम्ही रुजू कधी झालात, घटना कधीची, तुम्हाला कळलं कधी, पुढच्या २४ तासांत काय केलंत. सोबत प्रशिक्षणाच्या सह्यांचे कागद, पाळ्यांचे तक्ते आणि तो मनुष्यबळाचा ईमेल. ‘आमची माणसं खूप मेहनती आहेत’ या वाक्याने बोर्डाला काही कळत नाही. जुनी कागदपत्रं मागाहून ‘नीट’ करायचा मोह कुणी करू नये. साध्या समजपत्रावर सुटणारं प्रकरण त्यानेच लायसन्स जाण्यापर्यंत जातं. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. लायसन्स तुमचं आहे, तेव्हा स्वतःचा वकील बघावा.

कारवाई झाली तर ती नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत, म्हणजे देशभरच्या अशा कारवायांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदली जाते. कॅलिफोर्नियातलं प्रोबेशन टेक्सासच्या अर्जात लपत नाही. स्वतःची नोंद स्वतः मागवता येते. दुसऱ्या राज्यात अर्ज करण्याआधी ती मागवून वाचावी.

नूतनीकरणाला दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण लागतं. ते वेळेत करूनही लोक अडकतात, कारण प्रमाणपत्रं जुन्या नोकरीच्या ईमेलवर राहतात आणि नोकरी सुटली की ईमेल बंद होतो. राजीनाम्याचंही तसंच. जायच्या दिवशी तुम्ही अमुक तारखेपासून तिथले ॲडमिनिस्ट्रेटर नाही, हे राज्याला स्वतः लेखी कळवा आणि त्याची पोच घरच्या फाइलमध्ये ठेवा. संस्था कळवेल म्हणून सोडून दिलंत तर तुम्ही गेल्यानंतरच्या तीन आठवड्यांत घडलेल्या गोष्टीचं पाकीटही तुमच्याच नावाने येऊ शकतं.