एशियाडच्या नाण्याचे किती मिळतील?

मी नाणी जमवतो हे कळलं की बहुतेक जण एकच विचारतात. "आमच्या घरात १९८२च्या एशियाडचं दोन रुपयांचं नाणं आहे. त्याला म्हणे लाखो रुपये मिळतात. खरं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खरं नाही. चलनात फिरून झिजलेल्या नाण्याचे संग्राहक दोन रुपयांपेक्षा थोडे जास्त देतील, इतकंच. लाखोंची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. तिथे आधी नोंदणी शुल्क मागतात, मग कमिशन, मग कर, आणि नाणं घ्यायला कोणी येत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरूनही हे चालतं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे. माझ्या ओळखीतल्या एका वृद्ध बाईंचे पैसे असेच गेले. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

पण एवढं सांगून मला थांबवत नाही, कारण माझ्या संग्रहातलं सगळ्यात आवडतं नाणं हेच आहे.

नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत झाल्या. पहिल्या स्पर्धाही दिल्लीतच झाल्या होत्या, १९५१ साली, पण तेव्हा नाणं निघालं नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं आलं ते थेट १९६४मध्ये, नेहरूंच्या निधनानंतर. बयाऐंशीत मात्र सरकारने हात आखडता घेतला नाही. दहा पैसे, पंचवीस पैसे, दोन रुपये, दहा रुपये आणि शंभर रुपये अशी पाच नाणी काढली. शंभराचं नाणं चांदी मिसळलेलं होतं. ते आणि दहाचं संग्राहकांसाठी, बाकीची तुमच्याआमच्यासाठी. दोन रुपये तोवर नोटेतच असायचे. स्वतंत्र भारतात दोन रुपयांचं नाणं आलं ते १९८२मध्येच, आणि सुरुवातीच्या त्या नाण्यांत एशियाडचं हे नाणं आहे. गोल, वजनदार, हातात घेतलं की बरं वाटणारं.

एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या बाजूला जंतरमंतरचं मिश्र यंत्र आणि त्यावर आशियाई खेळांचा सूर्य. स्पर्धेचं बोधचिन्हच नाण्यावर घेतलं होतं. हे चित्र मला फार योग्य वाटतं. सूर्याची चाल मोजायला बांधलेली वास्तू, आणि तिच्या माथ्यावर सूर्य. शुभंकर अप्पू हत्ती लहान मुलांचा लाडका होता, पण नाण्यावर तो नाही, आणि तेच बरं झालं. खेळाडूही कोणी नाही. बोधचिन्ह खेळांच्या आधी ठरतं. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तान आपल्याला ७-१ने हरवणार, महिलांचा हॉकी संघ मात्र सुवर्ण जिंकणार, वलसम्मा चारशे मीटर अडथळ्यांत पहिली येणार, अठरा वर्षांची पी. टी. उषा शंभर आणि दोनशे मीटरला रौप्य मिळवणार, यातलं काहीच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे या नाण्यात फक्त तयारी आहे, वाट पाहणं आहे. मला ते हातात घेतल्यावर स्टेडियम भरायच्या आधीची दिल्ली दिसते.

आपल्याकडेही त्या खेळांचं काही ना काही पोचलं. शिडाच्या बोटींच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. आणि एसटीची ती निमआराम गाडी! खेळांसाठी वापरलेल्या बस नंतर महामंडळाकडे आल्या, दादर-पुणे धावू लागल्या आणि लोकांनी त्यांना एशियाडच म्हटलं. दिल्लीचे खेळ ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांनीही "एशियाडने जाऊ" म्हटलंय. नाण्याचंही तसंच. माझं पहिलं एशियाडचं नाणं मला किराणा दुकानात सुट्ट्या पैशांतून मिळालं, आणि दुकानदाराने ते न बघताच दिलं होतं. स्मारक नाणं असंच मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आज पंचाहत्तर, एकशे पंचवीस, दीडशे रुपयांची सुंदर नाणी निघतात. ती पेटीत येतात, मागवावी लागतात, बाजारात कधी फिरत नाहीत. भाजीवालीच्या हातात जे कधी पडणार नाही, त्या नाण्याने देशाला कसली आठवण करून द्यायची? २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांची दोन आणि पाच रुपयांची नाणी चलनात आली, तेव्हा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला होता.

तर तुमच्या नाण्याचं काय करायचं? चिंच किंवा पितांबरी लावू नका, घासलेल्या नाण्याची उरलीसुरली किंमतही जाते. कागदी पाकिटात ठेवा. वर्षाखाली बारीक हिऱ्याची खूण असली तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे. दोन रुपयांचं नाणं आजही कायदेशीर चलन आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून बंद झाली.

आणि शोधायचंच असेल, तर दहा पैशांचं शोधा. अ‍ॅल्युमिनियमचं, कंगोरेदार कडेचं, पाकळ्यांसारखं. धातू मऊ, त्यामुळे मिश्र यंत्राच्या रेषा बहुतेक नाण्यांवर पुसट झालेल्या असतात. जुना गल्ला, देवघरातला डबा, आजीचा बटवा, सगळं बघा. रेषा स्वच्छ असलेलं सापडलं तर विकायची घाई करू नका, आधी मला दाखवा.