तुम्ही विचारलंत म्हणून: ते तुमचं टीव्हीवरचं नाटक कुठं बघायला मिळेल?

कुठंही नाही. यूट्यूबवर नाही, कुणाच्या कपाटात नाही, कुठल्या गोदामात धूळ खात पडलेलं नाही. शोधू नका.

एवढं उत्तर पुरायला हवं. पण सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातून नाटक बघून बाहेर पडताना, नव्या पेठेत साडी चाळताना, लग्नाच्या पंगतीत, कुणीतरी जुनी विद्यार्थिनी गाठतेच. "बाई, तुम्ही टीव्हीवर होतात ना? आम्ही खूप शोधलं, सापडलं नाही." त्या 'सापडलं नाही'त एक बारीक शंका असते आणि ती मला बरोबर ऐकू येते. मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात आयुष्य गेलंय माझं.

तर, होते मी. १९७७ साल, काळा-पांढरा पडदा, मुंबईचा स्टुडिओ, पन्नास मिनिटांचं नाटक, मी थोरल्या मुलीच्या भूमिकेत. राज्य नाट्य स्पर्धेत सोलापूर केंद्रावर कुणीतरी काम बघितलं, पत्र आलं, शाळेतून रजा काढली, रात्रीच्या गाडीत बसले. नाटकाचं, निर्मात्यांचं, सोबतच्या नटांचं नाव लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

त्या नाटकाची टेप पुसली गेली. आधी तेच सांगते, कारण सगळ्यांना तिथंच अन्याय दिसतो. "पुसून टाकलं? असं कसं पुसलं?" अहो, टेप म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येते ती कॅसेट नव्हे. दोन इंच रुंद पट्टी, सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगानं पळणारी. तासाभराच्या कार्यक्रमाला सव्वा किलोमीटरहून जास्त पट्टी लागायची. ते रीळ उचलताना माणूस आधी कंबर सांभाळायचा, मग रीळ. परदेशातून यायचं, महाग असायचं, आणि पुसून पुन्हा भरता येतं म्हणूनच परवडायचं. कार्यक्रम एकदा दाखवला की त्या रिळावर दुसरा चढायचा. हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. बीबीसीनं नाटकंच्या नाटकं पुसली. चंद्रावर माणूस उतरला त्या रात्रीचं त्यांचं स्वतःचं स्टुडिओतलं प्रक्षेपणही त्यांच्याकडं उरलेलं नाही. नासानं तर २००९ साली सांगितलं, की चांद्रमोहिमेच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आर्मस्ट्राँगच्या पावलाची मूळ टेप जिथं टिकली नाही, तिथं सोलापूरच्या मास्तरीणबाईचं नाटक कुणी कशाला जपावं?

हे वाक्य मी स्नेहसंमेलनांत पुष्कळ वापरलंय. हशा येतो. त्याला जोडून आणखी एक असायचं: "रंगभूमीवरचं तरी कुठं उरतं? पडदा पडला की संपलं." त्यावर टाळ्या. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण सोयीची आहेत, हे अलीकडं जाणवायला लागलंय.

दुसरा प्रश्न तरुण मुलांचा. जुन्या कुठल्या तरी नाटकाची क्लिप मोबाइलवर दाखवतात आणि हसतात. भिंत हलते. माईकची सावली नटाच्या कपाळावरून जाते. सगळे एका रांगेत उभे राहून बोलतात. "बाई, एवढं कसं चालवून घेतलं?"

चालवून घेतलं नाही रे बाबांनो, चालवलं. एका मोठ्या खोलीत भिंतींना लागून तीन सेट. आमच्याकडं माजघर, ओसरी आणि कचेरी. लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून रंगवलेल्या भिंती, मागून टेकू लावून उभ्या केलेल्या. दार जोरात लावलं की घर थरथरणारच. मधल्या मोकळ्या जागेत तीन कॅमेरे, प्रत्येकामागं हातभर जाडीचा वायरींचा पसारा, आणि डोक्यावर इतके दिवे, की कपाळावरचं कुंकू ओघळेल म्हणून मेकअपवाली बाई टिपकागद घेऊनच उभी असायची. पांढरी साडी चालायची नाही. कॅमेऱ्याच्या ट्यूबला झगझगीत पांढरं सहन व्हायचं नाही, चेहरा काळवंडायचा आणि साडी पेटल्यासारखी दिसायची. म्हणून माझं पांढरं लुगडं चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं होतं. दिवसभर अंगाला चहाचा वास.

तालमी आठवडाभर, एका रिकाम्या हॉलमध्ये, जमिनीवर चिकटपट्ट्या लावून. ही ओसरी, हे दार, इथं थांबायचं, वीतभर पुढं नाही. वीतभर पुढं गेलं की आपण मागच्याच्या चेहऱ्यावर. रंगमंचावर मी पाच पावलं घ्यायचे तिथं इथं दीड. मग शेवटच्या दिवशी खऱ्या सेटवर कॅमेऱ्यांसकट तालीम आणि त्याच दिवशी रेकॉर्डिंग. प्रत्येक कॅमेरामनच्या हाताशी स्वतःच्या शॉटांच्या आकड्यांचं कार्ड. वर काचेआड निर्माते तीन पडदे बघत आकडे पुकारणार, शेजारचा माणूस बटणं दाबणार, आणि ज्या कॅमेऱ्याचं चित्र चाललंय त्याच्यावरचा लाल दिवा लागणार. संकलन ते तिथंच, त्याच क्षणी. एक नट ओसरीवर बोलत असताना दुसरा श्वास रोखून, चपला हातात घेऊन, वायरी ओलांडत माजघरात पोचायचा आणि तिथं जणू सकाळपासून बसलाय असा बसायचा.

नंतर दुरुस्ती? म्हणायला होती. पट्टी ब्लेडनं कापून जोडता यायची, पण तिच्यावर चित्र डोळ्यांना दिसत नाही, कुठं कापायचं तेच भिंगाखाली शोधावं लागायचं, आणि कापलेली टेप पुढच्या कामाला बाद. पुढं दोन यंत्रं जोडून संकलन करायची सोय रुळली. पण आमचं गणित साधं होतं: मध्ये काही बिघडलं तर तो पूर्ण भाग पहिल्यापासून. म्हणून माईकची सावली आली तर आली. नट भलताच घसरला तरच थांबायचं.

आता ते सांगते, जे कुणी विचारत नाही.

नाटकात मी थोरली. वडील घर विकायला निघालेत, आणि मला मोठं बोलणं आहे. पावणेदोन पानं, न थांबता. त्या बोलण्यासाठीच मला बोलावलं होतं, हे तालमीत निर्मात्यांनी सांगितलं होतं. वडिलांच्या भूमिकेत नावाजलेले नट. माझ्याशी फार प्रेमानं वागले, डब्यातला लाडू काढून द्यायचे. मी त्यांना काका म्हणायचे.

त्या प्रवेशात काकांना एकच वाक्य दोनदा होतं: "आता बोलून काय उपयोग." पहिल्यांदा ते म्हणतात आणि त्यावर माझं बोलणं सुरू होतं. मी संपवते, ते पुन्हा तेच म्हणतात, "चष्मा दे माझा" म्हणतात, आणि ओसरीवर जातात. लेखकानं ते मुद्दाम केलं होतं. वाचायला छान वाटतं. नटाला मात्र असा सारखा शब्द म्हणजे खड्डा.

शेवटचा भाग चालू होता. अठरा मिनिटं सुरळीत गेलेली. काका म्हणाले, "आता बोलून काय उपयोग." मी श्वास घेतला. आणि ते म्हणाले, "चष्मा दे माझा."

चष्मा माझ्या हातातच होता. काचा काढलेला, दिव्यांची तिरीप येऊ नये म्हणून नुसती चौकट. मी तिच्यातून माझी स्वतःची बोटं बघत होते, एवढं स्पष्ट आठवतं.

रंगमंचावर असते तर मी त्यांना परत आणलं असतं. सोलापुरात आणलेलं आहे, याहून वाईट ठिकाणाहून. "थांबा बाबा, माझं ऐकून जा," एवढं म्हटलं की झालं. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. पण इथं "चष्मा दे" हा फक्त काकांचा शब्द नव्हता, सगळ्या खोलीचा होता. तो ऐकला आणि दोन नंबरचा कॅमेरा वळून ओसरीकडं निघालासुद्धा. माईकची काठी माझ्या डोक्यावरून सरकली. फ्लोअर मॅनेजर, म्हणजे खाली सेटवरचं सगळं सांभाळणारा, गुडघ्यावर बसून पानं उलटत होता, त्याचा चेहरा पांढराफटक. एक नंबर माझ्या पाठीशी, त्याचा दिवा बंद. तीन नंबरवर लाल दिवा, तो काकांच्या चेहऱ्यावर. मी बोलले असते तर माझा आवाज कुठून तरी लांबून आला असता आणि चित्रात म्हातारा नट गोंधळलेला दिसला असता.

मी चष्मा दिला.

ते ओसरीवर गेले, पुढचा प्रवेश झाला, नाटक संपलं. वरून स्पीकरवर आवाज आला, छान झालं, सगळ्यांचे आभार. मी फ्लोअर मॅनेजरकडं बघितलं. तो घड्याळाकडं बघत होता. पुन्हा घ्यायचं तर अठरा मिनिटं मागं जायचं, आणि संध्याकाळच्या थेट कार्यक्रमासाठी आमचं माजघर पाडायला माणसं दाराशी येऊन उभी होती. निर्माते खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत. आणि काका? काकांना कळलंच नव्हतं. चेहरा पुसत म्हणाले, "बघ, वेळेच्या आधी संपवलं आपण. तू फार संयमानं केलंस गं पोरी."

मी "हो काका" म्हणाले.

सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. आपल्याकडं तो आला ऐंशीच्या दशकात, देशभर प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली तेव्हा. पुण्यात मात्र १९७३ पासून सिंहगडावरून मुंबईचं प्रक्षेपण पकडता यायचं. म्हणून वडील गिरणीतून सुट्टी घेऊन पुण्याला आत्याकडं गेले, शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसले. परत आल्यावर आईनं विचारलं, कशी दिसली? "लई बारीक दिसालती," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. आत्यानं पत्रात लिहिलं, की नाटक लवकर संपलं आणि उरलेल्या वेळात फुलांची चित्रं आणि बासरी लावली. ती बासरी माझ्या जागेवर वाजली, हे तिला कुठून कळणार.

आता सांगा, काय शोधताय तुम्ही? टेप पुसली गेली त्याचं दुःख मी इतकी वर्षं लोकांना ऐकवत आले, आणि लोक चुकचुकले. पण ती टेप उद्या कुठून सापडली तरी तिच्यात तुम्हाला दिसेल एक बारीक मुलगी, जी चष्मा देते आणि गप्प राहते. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही तर यात काहीच केलं नाही.

कधीकधी वाटतं, पुसली ते बरं झालं. मग लगेच राग येतो. कारण ते चष्मा देणं बेतलेलं नव्हतं. कदाचित तेच बरं झालं असेल, त्या पावणेदोन पानांपेक्षा. संहिता माझ्याकडं आहे. अलीकडं काढून वाचली, तर ते बोलणं बेताचंच आहे. तीन ठिकाणी 'संस्कार' शब्द येतो. मी पंचविशीत त्यावर एवढी भाळले कशी, कळत नाही. पण ती पंचविशीतली मुलगी ऐकून घ्यायला तयार नाही. ती म्हणते, वाईट होतं की चांगलं होतं ते म्हणून बघितल्यावर ठरतं, आणि तू तोंड उघडायला हवं होतंस, कॅमेरे गेले खड्ड्यात. मी तिला दिवे, काठी, अठरा मिनिटं, सगळं समजावते. ती म्हणते, हे सगळं तुला नंतर सुचलं.

पुन्हा बोलावणं आलं होतं. गेले, छोट्या भूमिका केल्या. मग लग्न, शाळा, बदली. १९८४ साली 'हम लोग' सुरू झालं आणि मालिकांचं युग आलं, तेव्हा मी सोलापुरात दहावीचे पेपर तपासत होते. त्यात दुःख वगैरे काही नाही, शाळा मला आवडायची.

परवा एक जुना विद्यार्थी आला. हल्ली लघुपट करतो. त्याला हे सगळं सांगितलं तर त्यानं खिशातून मोबाइल काढला. "बाई, ते बोलणं पाठ आहे ना? म्हणा. चुकलं तरी हरकत नाही, हवं तितक्या वेळा घेऊ, नंतर कापता येतं."

पाठ आहे. शब्दन् शब्द पाठ आहे. पण त्या 'हवं तितक्या वेळा'वर माझं डोकं फिरलं. म्हटलं, एकदाच म्हणेन, आणि समोर कुणीतरी "आता बोलून काय उपयोग" म्हणायला हवं, नीट, दोन्ही वेळा. त्याला वाटलं मी टाळतेय. असेनही. चहा घेतला, शेंगाची चटणी बांधून दिली. पुढच्या रविवारी कुणातरी म्हाताऱ्या नटाला घेऊन येतो म्हणालाय.