तुम्ही विचारलंत म्हणून: वॅलेटा एका दिवसात उरकेल का?

माल्टाहून आल्यापासून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. कुणाचं तरी इटलीचं प्लॅनिंग चाललेलं असतं, शेंगेन व्हिसा हातात असतो, मॅपवर सिसिलीच्या खाली माल्टा एकदम जवळ दिसतं, आणि मग मेसेज येतो, "अहो, वॅलेटा एका दिवसात उरकेल ना?"

उरकेल की. युरोपियन युनियनमधली सगळ्यात चिमुकली राजधानी आहे ती, वेशीपासून टोकाच्या किल्ल्यापर्यंत जेमतेम किलोमीटरभर, क्रूझवाले सकाळी उतरतात आणि संध्याकाळी परत बोटीवर जातात. पण तुम्ही मला विचारलंत, आणि मी पडलो ट्रेकवाला माणूस, म्हणून माझं उत्तर तीन रात्री. कारण वॅलेटा हे शहर नाहीच हो, गड आहे. एकदा ते डोक्यात बसलं की बघायची पद्धतच बदलते.

झालं काय, की 1565 साली तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ, तेव्हा समोरच्या बिर्गू गावात राहायचे, आणि आज जिथे वॅलेटा आहे ती टेकडी अख्खी उघडी, फक्त टोकाला सेंट एल्मोचा छोटा किल्ला. तो किल्ला महिनाभर झुंजला आणि 23 जूनला पडला, पण त्या महिन्यात तुर्कांचा दम गेला तो गेलाच, सप्टेंबरात त्यांना वेढा उठवावा लागला. नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेट, त्याला धडा मिळाला की ही टेकडी मोकळी सोडायची नाही. लगेच पुढच्या मार्चमध्ये, 28 मार्च 1566 ला, पायाचा दगड बसला. पोपने लापारेली नावाचा इंजिनियर पाठवला, नंतरचं बरंचसं काम स्थानिक जिरोलामो कासारने केलं. ज्याचं नाव शहराला दिलं तो मात्र दोनच वर्षांत गेला.

तर गडावर गेल्यावर आपण पहिलं काय बघतो? पाणी. मी जिथे उतरलो होतो ते चार मजली जुनं घर, लिफ्ट नाही (बुकिंग करताना सांगितलं नव्हतं, असो), मालकीणबाई सत्तरीच्या. मी सहज विचारलं की नदी नाही, ओढा नाही, मग लोक पाणी कुठून आणायचे? त्यांनी जिन्याखालचा लाकडी खोका बाजूला केला, दगडी झाकण ओढलं, भस्सकन गार हवा वर आली. खाली टाकं! चक्क कातळात खोदलेलं टाकं, आपल्या गडांवर असतं तसलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी पन्हळीतून थेट आत. म्हणाल्या, हे 'बिर'. शहर बांधताना नियमच होता, घर बांधायचं तर खाली पाण्याची सोय हवीच. मी वाकून हाक मारली, आवाज घुमला, त्या हसायला लागल्या.

त्यांची भाषा हा तर वेगळाच विषय. मूळ अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत, त्यामुळे पाट्या वाचताना मध्येच ओळखीचं काहीतरी कानात वाजतं. दुनियेला दिन्या, पुस्तकाला क्तीब म्हणजे आपलं किताबच की. मी दोन दिवस तोच खेळ खेळत होतो.

सेंट जॉन को-कॅथेड्रल बघाच, पण पोटभर नाश्ता करून, वेळ लागतो. बाहेरून बघाल तर गोदाम वाटेल, आत सोनंच सोनं आणि पायाखाली रंगीत संगमरवराची शेकडो थडगी, टोकदार टाचांच्या चपला म्हणूनच चालत नाहीत. नाइट्स भाषेप्रमाणे गट करून राहायचे, प्रत्येक गटाचं वेगळं चॅपल (भाषावार प्रांतरचना त्यांनी आपल्या आधीच करून टाकलेली). शेजारच्या दालनात काराव्हाज्जो ह्या इटालियन चित्रकाराचं 1608 मधलं प्रचंड चित्र, सेंट जॉनचा शिरच्छेद, जमिनीवर रक्ताचं थारोळं आणि त्या रक्तातच काराव्हाज्जोने सही केलीय, त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी तो नाइट झाला, भांडणात तुरुंगात गेला, पळाला, आणि त्याला संघातून काढून टाकायचा विधी झाला तो ह्याच दालनात, ह्याच चित्रासमोर. मी तिथे बाकावर अर्धा तास बसलो असेन. तेवढ्यात तीन टूर ग्रुप येऊन गेले.

बाकी दुपारी 12 ला अप्पर बराक्का बागेतून तोफ ऐका, गर्दी असते पण ठीक आहे. त्यापेक्षा खाली उतरून डायसा नावाच्या छोट्या नावेतून पलीकडे बिर्गूला जा आणि तिथून मागे वळून बघा, तटबंदी पाण्यातून सरळ वर गेलेली, मध रंगाचा दगड, वरती रंगीत लाकडी बंद सज्जे. वॅलेटा उभं राहिल्यावर तुर्कांनी त्यावर हल्ला का केला नाही ते तिथून एका नजरेत कळतं.

खायचं म्हणाल तर पास्तिझी, रिकोटा चीजची किंवा मटारची, आपल्या पॅटिसची सख्खी बहीण, गरम असतानाच खायची. पक्के शाकाहारी असाल तर पापुद्र्यात डुकराची चरबी आहे का ते आधी विचारा. सोबत किनी नावाचं कडू संत्र्याचं कोल्ड्रिंक, पहिला घोट म्हणजे आजीचा काढा, तिसऱ्या घोटापासून आवडायला लागतं.

आणि रात्री मुक्काम वॅलेटाच्या आतच करा, स्वस्त पडतं म्हणून खाडीपलीकडच्या स्लिमा गावात राहू नका. क्रूझवाले गेले की नऊनंतर मागच्या गल्ल्या रिकाम्या होतात, दोन्ही बाजूंना पायऱ्या थेट समुद्राकडे उतरत जातात, कुणाच्या तरी सज्ज्यातून टीव्हीचा आवाज, बाकी सामसूम. ह्या पायऱ्या इतक्या झिजून गुळगुळीत झाल्यात की मी पहिल्याच रात्री सपाट तळव्याच्या सँडलवर चार पायऱ्या बसूनच उतरलो. एक आजोबा वरच्या सज्ज्यातून काहीतरी ओरडले, शिवी होती की काळजी ते अजून माहीत नाही. ग्रिपवाले ट्रेकचे शूज घ्या.