तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून तीच गेम का खेळते

ऐरोलीच्या ऑफिसात डबा खाताना, गणपतीला सगळे जमले की भाच्याकडून आणि मधूनमधून नवऱ्याकडूनसुद्धा मला एकच प्रश्न येतो, की एवढ्या नवीन नवीन गेम्स आल्यात आणि तू अजून २००३ सालची प्रिन्स ऑफ पर्शिया काय घेऊन बसतेस. तुम्ही पण विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

गेमचं पूर्ण नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'. जॉर्डन मेक्नरची १९८९ ची जुनी प्रिन्स आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून खेळलीय, तिचाच हा पुढचा अवतार, युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत बनलेला. प्रिन्स आणि त्याचा बाप हिंदुस्तानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात, तिथून एक खंजीर आणि वाळूचं प्रचंड घड्याळ लुटतात, मग महाराजाचा फितूर वजीर प्रिन्सला फसवून घड्याळ उघडायला लावतो आणि अख्ख्या महालातली माणसं वाळूची भुतं होतात. वाचतात फक्त तिघं, प्रिन्स, वजीर आणि कैद करून आणलेली महाराजाची मुलगी फराह.

आता दोष. मारामारी कंटाळवाणी आहे, अगदी मान्य. भूत पाडायचं, ते खाली आहे तोवर खंजीर खुपसून त्याची वाळू ओढून घ्यायची, नाहीतर ते परत उठतं, आणि एक संपलं की हवेतून दुसरं हजर. शेवटाकडे एक लिफ्ट आहे, छोटीशी गोल जागा, भुतं येतच राहतात आणि फराहला वाचवायचं असतं, ती मेली की गेम ओव्हर, आणि तिचे बाण कधीकधी आपल्यालाच लागतात. कॅमेरा नेमका उडी मारताना भिंतीमागे जातो. आणि सेव्ह करायचं तर हवं तिथे नाही, वाळूचा झोत दिसेल तिथेच. हे सगळ्यात वाईट, कारण मी ही गेम खेळले लोडशेडिंगच्या दिवसात, ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी, जिथे यूपीएस जेमतेम दोन मिनिटं टिकायचा. त्या लिफ्टच्या आधीपासून परत परत किती वेळा खेळलोय आम्ही, मी आणि धाकटा भाऊ.

आमची वाटणी होती, मारामारी त्याची आणि भिंती माझ्या. भिंतीवरून आडवं पळत जायचं, खांबावर झेप, खांबावरून दांडीवर, आणि चुकलं, खाली पडलो, की खंजिरातली वाळू वापरून काळ मागे फिरवायचा. पडणारा प्रिन्स उलटा वर येतो, तुटलेली फरशी परत जुळते, आणि आपण हवेत असतानाच बटण सोडून पुन्हा प्रयत्न करतो. वाळू संपली असेल आणि मेलो, तर प्रिन्सचाच आवाज येतो की नाही नाही, असं नव्हतं झालं, कारण अख्खी गेम म्हणजे तो कुणालातरी सांगत असलेली गोष्ट आहे. कुणाला ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि पाणी! जखमी झाला की तो कारंज्याशी वाकून पाणी पितो आणि बरा होतो. आईला गेममधलं काही कळायचं नाही, पण मागे भाजी निवडत बसलेली असली की म्हणायची, अगं आधी पाणी पिऊ दे त्याला. भिंतीतल्या फटींतून आत गेलं की काही लपलेल्या जागा सापडतात, अंधारात टांगलेले पूल, टोकाला एक कारंजं, तिथलं पाणी प्यायलं की आयुष्याची रेघ लांब होते. लढायला कुणीच नाही तिथे. मी तिथे नुसती उभी राहायचे आणि भाऊ ओरडायचा चल ना पुढे.

मग एके ठिकाणी फराह सांगते की लहानपणी भीती वाटली की म्हणायला तिच्या आईने एक जादूचा शब्द दिला होता, काकोलूकीयम्. आम्हाला वाटलं काहीतरी बनवलेला शब्द असेल. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, पंचतंत्र आहे का रे ते? मॅट्रिकला संस्कृत होतं त्यांना. काक आणि उलूक, कावळे आणि घुबडं, पंचतंत्रातलं तिसरं तंत्र, ज्यात कावळ्यांचा म्हातारा मंत्री घुबडांच्या गोटात शिरून त्यांची गुहा जाळतो. राजकन्येचं नाव फराह आणि आईची गोष्ट संस्कृत, हिंदुस्तानची खिचडीच केलीय त्यांनी, हाही दोषच धरा, पण तो शब्द ऐकून बाबा उठून बाहेर आले आणि खुर्ची ओढून बसले, ते शेवट होईपर्यंत.

शेवट सांगणारे, वीस वर्षांनी चालतं. फराह खंजीर घेऊन निघून जाते आणि त्यानंतर काळ मागे नेता येत नाही, इतके तास सवय लागलेली असते, आणि आता पडलो तर पडलो, हात घामेजतात माझे अजून. मग ती कड्यावरून लटकते, प्रिन्स खंजिराचं पातं धरून तिला धरतो, हातातून रक्त येतं, आणि ते बघून तीच हात सोडते. तो सगळा काळ मागे फिरवतो, हल्ल्याच्या आधीच्या रात्रीपर्यंत, आणि कळतं की तो ही गोष्ट फराहलाच सांगतोय, जिच्या लेखी यातलं काहीच घडलेलं नाही. तिचा विश्वास बसत नाही. ती नाव विचारते, आणि जाताजाता तो म्हणतो, मला काकोलूकीयम् म्हण.

बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये हिचा रीमेक पुणे-मुंबईच्या स्टुडिओंत बनतोय अशी घोषणा झाली तेव्हा मी ऑफिसभर सांगत फिरले होते, ट्रेलरला लोकांनी नावं ठेवली तेव्हा माझ्याच घरच्यांना बोलल्यासारखं लागलं, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. मला मात्र जुनीच पुरते.

भाऊ आता घोडबंदरला राहतो. लिफ्ट आली की मी त्याला फोन करते, तो ट्रॅफिकमधून येतो, चप्पल काढतो, कीबोर्ड ओढून घेतो. लिफ्ट वर पोचली की परत माझ्याकडे देतो.