'गणित' ब्रेलमध्ये काढताना

अंध मुलांच्या एका शाळेसाठी मराठी गोष्टी ब्रेलमध्ये काढून द्यायच्या होत्या. गोष्टी टाईप झालेल्याच होत्या, त्यामुळे जो तो सांगत होता, अरे फॉन्ट बदल की झालं! तसं नसतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या खुणांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणाऱ्या यादीत, ब्रेलला स्वतःची जागा आहे, १९९९ च्या ३.० आवृत्तीपासून, २८०० ते २८एफएफ, एकूण २५६ खुणा. पण तिथे अक्षरं नाहीतच, नुसती टिंबं आहेत. डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६, आणि कॉम्प्युटर ब्रेलला लागतात म्हणून तळाला ७ आणि ८. प्रत्येक टिंबाची किंमत ठरलेली, १, २, ४, ८ अशी दुप्पट होत १२८ पर्यंत. 'म' म्हणजे टिंबं १, ३, ४, बेरीज १३, सोळाच्या हिशेबात (जिथे नऊनंतर ए, बी, सी असं मोजतात) डी, म्हणून कोड २८०डी. इतकं सुबक आहे ना की मी बसून आख्खी बाराखडी हाताने काढली, गरज नसताना! पण हाच २८०डी इंग्रजीतला एम पण आहे. म्हणजे फाईल मराठी आहे का इंग्रजी हे टिंबांवरून कळायला मार्गच नाही, ते ठरतं भारती ब्रेलच्या, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलच्या तक्त्यावरून, १९५१ पासून चालत आलेल्या.

बरं, तक्ता घेऊन अक्षराला अक्षर बदलत गेलं तरी भागत नाही. 'पुस्तक' टाईप करताना हलन्त 'स'च्या नंतर येतो, ब्रेलमध्ये तो 'स'च्या आधी, चार नंबरचं एकटं टिंब. 'क्ष' आणि 'ज्ञ'ला तर प्रत्येकी एकच सेल, म्हणजे टिंबांचा एकच चौकोन. हे सगळं लिबलुई नावाची फुकट लायब्ररी करते, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए स्क्रीन रीडर पण तीच वापरतो, तिच्यात मराठीचा तक्ता आहे, म्हणून मी गुपचूप तीच वापरली.

मग तपासणी. एका मित्राने ब्रेल परत देवनागरीत आणणारी छोटी स्क्रिप्ट दिली होती, तिच्यातून फाईल फिरवली तर 'गणित'च्या जागी 'ग९त'! मला आधी काही टोटलच लागेना. मग टिंबं मोजली. 'ण' म्हणजे ३-४-५-६, आणि आकडा सुरू होतोय हे सांगणारी खूण पण ३-४-५-६. पुढची वेलांटी २-४, आणि नऊचा आकडा सुद्धा २-४. स्क्रिप्टने ती खूण बघितली की पुढचं आकडा समजून मोकळी. शाळेतल्या सरांना प्रिंट दाखवली, त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, 'गणित'वर अडले सुद्धा नाहीत आणि म्हणाले, "अहो, शब्दाच्या पोटात आकडा कशाला येईल?" झालं, स्क्रिप्टमध्ये तेवढाच नियम घातला.

एम्बॉसरची तऱ्हा वेगळीच, म्हणजे कागदावर टिंबं उठवणारं मशीन. शाळेतल्या एम्बॉसरला युनिकोडची फाईल चालेना, त्याला बीआरएफ हवी, ज्यात सहा टिंबांच्या ६४ सेलना साध्या कीबोर्डवरची ६४ चिन्हं दिलेली असतात. त्यात 'मराठी' उघडून बघितलं तर एम, आर, मोठं-असल्याची खूण, डब्ल्यू आणि ९, वाचणाऱ्याला वाटेल पासवर्डच आहे. शिवाय युनिकोडचा रिकामा सेल २८०० दिसतो स्पेससारखा पण प्रोग्रामच्या लेखी तो स्पेस नाही, त्यामुळे कडेच्या स्पेस उडवायची कमांड दिली तरी हा हलत नाही. बीआरएफ काढताना त्याची साधी स्पेस होते, तो ताप तिथेच मिटला.

आता दुरुस्ती आली की मी देवनागरीतच करतो आणि बीआरएफ नव्याने काढतो. थेट बीआरएफमध्ये 'गणित' शोधायचं तर जी, हॅश, आय, टी असं टाकावं लागतं.