क्वेकरांच्या गावात: फॉक्सची टेकडी ते मार्गारेटचा तुरुंग

सतराव्या शतकात क्वेकर हा ख्रिस्ती पंथ सुरू करणाऱ्या जॉर्ज फॉक्सचं 'जर्नल', म्हणजे त्याचं आत्मचरित्र, वाचल्यापासून उत्तर इंग्लंडचा हा भाग बघायचाच होता, शेवटी या उन्हाळ्यात जमलं. सेडबर्ग गावातून फरबँक फेल या टेकडीवर गाडी जाते, पण रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं. वर एक मोठा खडक, त्यावर पाटी, शेजारी जुन्या चॅपलचं छोटंसं कब्रस्तान, आणि सगळीकडे मेंढ्या. जून १६५२ मध्ये याच जागी फॉक्स हजारेक लोकांसमोर तीन तास बोलला. त्याने स्वतःच लिहिलंय की काही म्हातारी माणसं चॅपलमध्ये जाऊन खिडकीतून बघत होती, देवळात न येता हा डोंगरावर काय प्रवचन करतोय म्हणून! चॅपल आता नाही, पण तिथे उभं राहून ते वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला.

तिथून खाली ब्रिगफ्लॅट्सला गेलो. १६७५ चं मीटिंग हाऊस, म्हणजे क्वेकरांचं प्रार्थनाघर आहे, पांढऱ्या भिंती, आत साधे लाकडी बाक, आणि जिन्याखाली मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी केलेला कप्पा, म्हणजे मालक प्रार्थनेला बसला की कुत्रा तिथे. पाद्री नाही, वेदी नाही, रविवारी लोक येऊन शांत बसतात आणि कुणाला आतून वाटलं तरच उठून बोलतात.

पण मला खरं सांगायचंय ते स्वार्थमूर हॉलबद्दल. उल्व्हर्स्टन स्टेशनपासून चालत जाता येतं. हे जज थॉमस फेल आणि मार्गारेट फेल यांचं घर. १६५२ मध्येच फॉक्स उल्व्हर्स्टनच्या चर्चमध्ये उभा राहून म्हणाला की ख्रिस्त असं म्हणाला, शिष्य तसं म्हणाले, हे तुम्ही सांगाल, पण तुम्ही स्वतः काय सांगू शकता? मार्गारेट तिथेच बाकावर बसून रडली, आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द उचललेत पण आत काहीच अनुभवलं नाही, असं तिने नंतर लिहून ठेवलंय. नवरा स्वतः क्वेकर झाला नाही, पण घरात मीटिंग (क्वेकरांची प्रार्थनासभा) भरू दिली, आणि तो शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून ऐकत बसायचा असं सांगतात.

या घराला मी त्या चळवळीचं पोस्ट ऑफिसच म्हणेन, कारण देशभर फिरणारे आणि तुरुंगात पडलेले फ्रेंड्स (क्वेकर स्वतःला हेच म्हणवतात) इथेच पत्रं पाठवायचे. सुरुवातीच्या क्वेकरांचं लिखाण म्हटलं की लोक रॉबर्ट बार्कले या क्वेकर लेखकाचं 'अपॉलॉजी', म्हणजे पंथाच्या मतांचं समर्थन, काढतात, ते विद्वत्तेचं आहेच, १६७६ मध्ये आधी लॅटिनमध्ये आलं. पण जीव आहे तो पत्रांत. १६५६ मध्ये लॉन्सेस्टनच्या तुरुंगातून, घाणीच्या कोठडीचा अनुभव घेतलेला फॉक्स लिहितो की जगभर आनंदाने चाला आणि प्रत्येकात जो देवाचा अंश आहे त्याला साद घाला. ज्याच्यावर ही वेळ आलीये तो 'आनंदाने' लिहितो, हे मला अजून पचत नाही.

शेवटी लँकेस्टर कॅसल. २०११ पर्यंत इथे खरोखरचा तुरुंग होता, आता गाईड फिरवतात. राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि घरी मीटिंग भरवली म्हणून मार्गारेटला १६६४ मध्ये इथे टाकलं, चारेक वर्षं ती आत होती. दगडी भिंती इतक्या जाड की उन्हाळ्यातही आत गार वाटतं. १६६६ मध्ये तिचं 'विमेन्स स्पीकिंग जस्टिफाइड' हे छोटं पुस्तक, बायकांच्या बोलण्याच्या हक्काबद्दलचं, आलं ते ती इथे कैदेत असतानाच. बायकांनी चर्चमध्ये गप्प बसावं हे बायबलमधल्या संत पॉलचं वचन तिच्या तोंडावर फेकलं जायचं, आणि ती बायबलमधूनच उत्तर देते, की ख्रिस्त पुन्हा उठला ही बातमी आधी बायकांनीच आणली ना, मग त्यांच्यावर विश्वासच ठेवला नसता तर तुमच्या धर्माचं काय झालं असतं?

तुम्ही जाणार असाल तर आधी मार्गारेटचं हे पुस्तक वाचा, मग पत्रं, आणि 'जर्नल' शेवटी, कारण ते फॉक्स गेल्यावर थॉमस एलवुडने संपादित करून १६९४ मध्ये छापलंय, बरंच नीटनेटकं केलेलं आहे.