घंटा पणजीत, टॉवर जुन्या गोव्यात

नाशिकच्या माणसाला चर्चची घंटा बघायला गोव्यापर्यंत जायची खरं तर काही गरज नाही. पंचवटीत, रामकुंडाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या पुढच्या तटावर जी भलीमोठी घंटा टांगलीय ती पोर्तुगीजांची, वसईहून आणलेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा काढून आपल्याकडच्या देवळांना दिल्या गेल्या, एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. आमच्याकडे पूर किती आला ते आधी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि मारुती पूर्ण बुडाला की मग लोक नारोशंकराच्या घंटेचं नाव काढतात. ६९ च्या पुरात पाणी घंटेला टेकलं होतं असं बाबा सांगतात, ते तेव्हा दहा वर्षांचे होते, त्यामुळे मी त्यातलं थोडं वजा करूनच ऐकते.

तर ऑगस्टमध्ये गोव्याला गेलो. ऑफ सीझन, हॉटेल स्वस्त, समुद्रात उतरायला बंदी. नवरा आणि लेक दुसऱ्याच दिवशी रूममध्ये मोबाइल घेऊन आडवे झाले, मग मी छत्री घेऊन एकटीच पणजीत फिरायला निघाले आणि त्या पांढऱ्याशुभ्र इगर्जीसमोर (गोव्यात चर्चला इगर्जी म्हणतात) येऊन थांबले. तीच ती, नागमोडी पायऱ्यांची, अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन, गोव्याच्या प्रत्येक दुसऱ्या फोटोत असते. लिस्बनहून महिनोन् महिने प्रवास करून आलेले खलाशी आधी इथे येऊन जिवंत पोचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि मगच पुढे राजधानीत, म्हणजे जुन्या गोव्यात जायचे. आपण नाही का लांबचा प्रवास नीट झाला की आधी घरच्या देवापुढे गूळ ठेवतो, तसंच.

पायऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, मी पण काढले, पण मान अजून थोडी वर केली की अगदी टोकाला मधोमध एक कमान दिसते आणि तिच्यात घंटा. खालून बघताना ती तशी बेताची वाटते. वजन २२५० किलो! म्हणजे अडीच-तीन छोट्या मारुती गाड्या त्या कमानीत टांगल्यात असं समजा. गोव्यातली दुसऱ्या नंबरची मोठी घंटा ही, पहिला नंबर जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या सोन्याच्या घंटेचा (सोन्याची म्हणजे नावापुरती हं, आवाज गोड म्हणून).

आणि गंमत अशी की ही घंटा इथली नाहीच. चर्चची आत्ताची इमारत १६१९ ची, घंटा वर चढली १८७१ मध्ये, म्हणजे अडीचशे वर्षांनी. ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडल्यावर तिला तिथून काढलं, मग काही वर्षं ती आग्वादच्या किल्ल्यात दीपस्तंभापाशी होती, आणि तिथून शेवटी पणजीला. एवढं ओझं पेलायचं म्हणून इगर्जीचा माथाच नव्याने बांधून काढावा लागला. हे कळल्यावर पुन्हा वर बघितलं तर ती मधली कमान खरंच नंतर बसवल्यासारखी दिसायला लागली, म्हणजे घर आधी बांधलं आणि मग सासूबाईंचं शिसवी कपाट आलं म्हणून दार मोठं केलं, तसं काहीतरी.

मी तिथे चांगला तासभर उभी होते, वाजेल म्हणून. नाही वाजली. पाऊस, स्कूटर आणि समोरच्या बागेतले कावळे.

मग दुसऱ्या दिवशी, आता ही मूळची होती ते घर तरी बघू म्हणून दोघांनाही उठवून जुन्या गोव्याला नेलं. कदंबा बसने गेलो, रायबंदरच्या रस्त्याने. हा रस्तासुद्धा बघण्यासारखा आहे, दलदलीतून बांधून काढलेला लांबच लांब पूल, १६३३-३४ चा, आणि त्यावरून आजही बस जाते. आमच्या घरासमोरचा रस्ता दर पावसाळ्यात वाहून जातो, असो.

बॉम जीझस चर्चला गर्दी होती, तिकडे नंतर जाऊ म्हटलं आणि समोरचा चढ चढून सरळ टॉवरकडे गेलो. सेंट ऑगस्टीन टॉवर, त्याच मठाच्या चर्चचा. लेक म्हणाला, "आई, हा अर्धाच आहे." खरंच अर्धाच आहे! दर्शनी बाजूला असे दोन टॉवर होते, त्यातल्या एकाचं हे अर्धं अंग उरलंय, उंची ४६ मीटर, म्हणजे साधारण पंधरा मजली बिल्डिंग, आणि सगळं जांभ्या चिऱ्यांचं. चर्च पूर्ण झालं १६०२ च्या सुमाराला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धार्मिक संघ बंद केले, साधू गेले, मठाला कुलूप. मग १८४२ मध्ये आतला कमानदार घुमट कोसळला, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि टॉवरचा अर्धा भाग खाली आला.

कोणी हल्ला केला नाही की तोफा डागल्या नाहीत, पावसानेच केलं सगळं. जांभा हा मुळात सच्छिद्र दगड, त्यावर चुन्याचा गिलावा असेपर्यंत ठीक, गिलावा गेला की पाणी पितच राहतो. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको, दोन वर्षं कोणी फिरकलं नाही की भिंतीतून आधी पिंपळ येतो. त्या दिवशी अख्खा टॉवर शेवाळाने हिरवा झाला होता आणि चिऱ्यांतून पाणी ठिबकत होतं. वर चढायला काही नाही, जिना वगैरे विसरा. खाली उभं राहून वर बघायचं, एकावर एक रिकाम्या कमानी आणि त्यातून आभाळ. त्यातल्या नक्की कुठल्या कमानीत घंटा होती ते काही मला ठरवता आलं नाही, मी मनातल्या मनात वरच्या एका कमानीत टांगून बघितली, नवरा म्हणाला "पडेल." एवढं सव्वादोन टनाचं धूड तेव्हा उतरवलं कसं असेल, दोरखंड लावून, किती माणसं, आणि मग होडीत घालून मांडवीतून आग्वादला, त्याच्यावर आम्ही तिघांनी बराच वेळ वाद घातला.

याच अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला धर्म बदलत नाही म्हणून मारलं, ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी इथवर आणल्या, मग पुरातत्त्व खात्याने शोधल्या, हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये आपल्या सरकारने त्यातला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. म्हणजे या टेकडीवरून घंटा पणजीला गेली आणि राणी चारशे वर्षांनी माहेरी. लेकाला घंटेपेक्षा यात जास्त इंटरेस्ट.

टॉवरचा फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच फोन.

"अगं, यात घंटा कुठंय?"

"बाबा, काल पाठवला ना तो पांढऱ्या चर्चचा फोटो, त्यात वर आहे ती. इथलीच."

"इथून नेली? कोणी, आपण?"

"नाही हो, त्यांची त्यांनीच."

थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, "बरं. छत्री नेलीयस ना?"